तिला कोण सोलून देणार?

मी मुलांसाठी पुस्तकं लिहितो असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा मऊ होतो. या माणसाला मुलं फार आवडत असणार, असं तो धरूनच चालतो. मला मुलं फारशी आवडत नाहीत. तासभर ठीक आहेत. मला आवडते ती अक्का, आणि अक्काला मुलं आवडतात. माझा आणि बालसाहित्याचा संबंध एवढाच.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. ज्या वर्षी अक्काची शाळा सुटली त्याच वर्षी माझी सुरू झाली. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या दोन खोल्यांत तिनं मला वाढवलं, वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "सरी, सरी, बघू" म्हणत, म्हणजे 'ठीक आहे' म्हणत, ती स्वयंपाकघरात जात राहिली. पुढे तो विषय निघायचाच थांबला. ती अजून त्याच दोन खोल्यांत राहते. मी दोन गल्ल्या सोडून राहतो. बायको गेल्यापासून एकटाच आहे.

आमचं घराणं इकडं येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलं की कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे आम्हाला विचारू नये. अक्काचं जे काही शिक्षण झालं ते कन्नडमधून. तिचं आरत्यांचं पुस्तकसुद्धा कन्नड लिपीतलं आहे. देवनागरीच्या दोन ओळी ती अक्षर अक्षर जुळवत वाचते आणि मग डोकं धरते. हे मुद्दाम सांगतोय. माझं एकही पुस्तक तिला वाचता आलं नाही, आणि याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

तिच्या गोष्टी हिवाळ्यातल्या, अवरे सोलतानाच्या. अवरे म्हणजे पावट्याच्या कुळातले हिरवे दाणे. थंडी पडली की सगळं बेंगळुरू त्यांच्यामागे वेडं होतं. दाणे भिजत घालायचे, मग एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा, की साल बोटांत राहते आणि दाणा टुणकन भांड्यात पडतो. किलोभर सोलायला अख्खी दुपार जाते. मी पाच मिनिटांत उठायला बघायचो, म्हणून अक्का गोष्ट काढायची.

त्यातली माझी आवडती गोष्ट घुशीची. ही घूस गटारात राहायची आणि तिला अवरे फार आवडायचे. पण तिच्या बोटांना साल निघायची नाही. म्हणून दुपारी घरोघरच्या बाया डुलक्या घ्यायला लागल्या की ती सोललेले दाणे खायला यायची. पहिल्या घरी तिला केरसुणी बसायची, दुसऱ्या घरी लाटणं. प्रत्येक घरानंतर अक्का हातातलं काम थांबवून म्हणायची, "पाप, तिला कोण सोलून देणार?" शेवटच्या घरची म्हातारी हेच म्हणायची आणि रोज मूठभर दाणे सोलून पायरीवर ठेवायची. गोष्ट संपली. घूस सुधारत नसे, कोणाला काही कळत नसे. अवरे तेवढे सोलून व्हायचे.

इथे 'पाप' या शब्दाचा खुलासा करायला हवा. बोलताना कन्नड माणूस 'पाप' म्हणतो तेव्हा त्याला 'बिचारा' म्हणायचं असतं. आमच्या घरातही तेच. अक्का दिवसातून वीसदा तरी म्हणते: भिजलेलं कुत्रं, पाप. दुपारच्या उन्हात उभा कंडक्टर, पाप. कोणी वाईट वागलं तर आमच्याकडे 'तप्पू' म्हणतात. पाप हे फक्त कीव करायला.

टेलिफोन खात्यात नोकरी करता करता मी लिहायला लागलो. आधीची दोन हस्तलिखितं पुण्याहून परत आली. एकावर 'भाषेवर कन्नडचा प्रभाव जाणवतो' असा शेरा होता. तो मला इतका झोंबला की मी शब्दकोश आणला आणि घरची भाषा धुवायला बसलो. अक्काची ताई केली, स्वल्पचं थोडं केलं, अवऱ्यांच्या डाळिंब्या केल्या. फक्त घुशीच्या गोष्टीतलं ते वाक्य तसंच ठेवलं. त्याला हात लावायची हिंमत झाली नाही.

ही तिसरी वही मात्र स्वीकारली गेली. संपादक बाईंचा फोन आला. आवाज गोड होता, वागणं अतिशय सभ्य.

"सर, गोष्ट फार छान आहे. मुलांना पाप म्हणजे काय ते तुम्ही थेट सांगितलंय, हल्ली कोणी सांगत नाही. फक्त एक बारीकशी दुरुस्ती. 'तिला कोण सोलून देणार' असं आपण म्हणत नाही. 'सोलून काढणार' म्हणतो. करू ना?"

मला कळायला एक क्षण लागला. चोरी हे पाप, तेव्हा त्या घुशीला कोण बडवणार, असं बाईंनी वाचलं होतं. एका वाक्यात सगळं उलटं झालं होतं. त्यांची चूक नव्हती, पुण्यात कोणीही तसंच वाचलं असतं. आणि त्यांनी विचारलं होतं. मी फक्त "नाही हो, पाप म्हणजे बिचारी" एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचं तर, माझी मराठी बेंगळुरूची आहे, हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो हो, काढणारच. लिहिताना नजरचूक झाली."

"मग शेवट तेवढा बदलू या. म्हातारी तिला खाऊ घालते ते पटत नाही. तिला धडा मिळायला हवा."

"सरी," मी म्हणालो. घाबरलो की माझ्या तोंडून घरचीच भाषा निघते.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेली घूस होती आणि तिच्यामागे केरसुण्या घेतलेली माणसं. ते चाललं, अजून चालतंय. माझं नाव झालं ते त्याच पुस्तकानं. मुलाखतीत मला प्रेरणा विचारत आणि मी म्हणे, "माझी थोरली बहीण." ऐकणारे हळवे होत. मीही हळवा होई, म्हणजे बघा.

पहिली प्रत घेऊन मी अक्काकडे गेलो होतो. तिनं पदरानं हात पुसून पुस्तक घेतलं आणि चित्राकडे बघत राहिली.

"हिच्या डोळ्यांना काय झालं, तम्मा?"

"काही नाही. चित्रकारानं सुम्मने काढलंय, उगाच."

"वाच बघू."

मग मी ती गोष्ट केली जिची मला आजही शिसारी येते. पुस्तक उघडून, ओळींवरून बोट फिरवत, मी तिला तिचीच गोष्ट सांगितली. पान उलटत होतो, आणि छापलेलं एकही वाक्य वाचत नव्हतो. शेवटच्या पानावर छापलेली घूस कान धरून माफी मागत होती, आणि मी म्हातारी पायरीवर दाणे ठेवते ते सांगत होतो. अक्का खूश झाली. "जसंच्या तसं लिहिलंस," म्हणाली. ते पुस्तक तिनं देवाच्या फळीवर ठेवलं.

बरीच वर्षं ते तिथं राहिलं. गेल्या जानेवारीत महादेवपुऱ्यातल्या एका मोठ्या सोसायटीतून बोलावणं आलं. तिथं पुण्या-नागपूरकडची आयटीतली मंडळी शनिवारी सकाळी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतात. मुलं माझ्या गोष्टीचं नाटुकलं करणार होती. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या ताईंना आणायचंच हं, सर. आम्ही इंटरव्ह्यू वाचलाय." मी चार सबबी सांगितल्या. त्यांनी गाडीच पाठवली. अक्का रेशमी साडी नेसून पायरीवर तयार बसली होती.

आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. सहाएक वर्षांची एक मुलगी करडा स्वेटर घालून आणि मागे दोरीची शेपटी बांधून घूस झाली होती. ती पहिल्या घरात शिरली, डाळिंब्या खाल्ल्या, आणि बाजूला उभी असलेली मुलगी मोठ्यानं म्हणाली, "पाप!" अक्काचे ओठ आपोआप हलले. पुढचं वाक्य तिनं त्या मुलीबरोबरच म्हटलं, स्वतःच्या शब्दांत, त्यामुळे दोघींच्या शब्दांतला फरक तिला ऐकू आला नाही.

"आम्ही! आम्ही!" सगळी मुलं हात वर करून ओरडली.

अक्का माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. त्या सगळ्या मुलांना घुशीला अवरे सोलून द्यायचे आहेत असं तिला वाटलं.

मग मुलांनी वर्तमानपत्रांच्या गुंडाळ्या काढल्या आणि घुशीला बडवायला सुरुवात केली. लागत काही नव्हतं, ती मुलगी हसतच होती. पण तिची शेपटी सुटून पडली आणि ती रडकुंडीला आली. अक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकली, शेपटी उचलून तिनं पुन्हा बांधली आणि मुलांना म्हणाली, "पाप रे, सुम्मने कशाला मारता? स्वल्प खायला द्या तिला."

मुलं तिच्याकडे बघत राहिली. बाईंनी हसत माइक घेतला. "आजी कन्नडमध्ये सांगतायत, घुशीनं पाप केलं! सो क्यूट!" टाळ्या पडल्या. मग माइक माझ्याकडे आला. समोर पन्नास माणसं होती, मराठी समजणारी. एवढी सोयीची संधी पुन्हा यायची नव्हती. मी आभार मानले आणि लहान वयातल्या संस्कारांवर दहा मिनिटं बोललो.

 परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अक्का म्हणाली, "तुझ्या पुस्तकात असंच आहे?"

"हो."

"मग तू मला वाचून दाखवलंस ते?"

"ते पुस्तकात नव्हतं. ते तुझं होतं."

पाप या शब्दाचा तिकडं काय अर्थ होतो, सोलून काढणं म्हणजे काय, हे मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. पुण्याच्या बाईंनी बदललं, असंही मी सांगितलं, जरा जोर देऊनच.

"तुला न विचारता?"

"विचारलं होतं."

"तू काय म्हणालास?"

"सरी म्हणालो."

 घरी आल्यावर तिनं साडी बदलली आणि भिजवलेले अवरे घेऊन जमिनीवर बसली. आता तिला खाली बसायला वेळ लागतो, पण अवरे ती खुर्चीवर बसून सोलत नाही. मीही समोर बसलो. माझी बोटं आखडतात, निम्मे दाणे चिरडतात. ती मला रागावेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. तिनं पुस्तक फळीवरून काढून माझ्या अंगावर फेकलं असतं तर मी आनंदानं झेललं असतं. पण फळीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. गोष्टही काढली नाही. दुपारभर फक्त दाणे भांड्यात पडत होते.

माझ्या घरी कोणी सोलत नाही, म्हणून दर हिवाळ्यात ती मला सोललेल्या अवऱ्यांचा डबा देते. त्या दिवशीही तिनं डबा काठोकाठ भरला, झाकण दाबून बसवलं आणि माझ्यापुढे सरकवला.

"पाप," ती म्हणाली, "तुला तरी कोण सोलून देणार?"

त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिला आता ठाऊक होता. तो तिनं वापरला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी डबा घेतला आणि घरी आलो.