सात बंद घरांचे दिवे

शिवप्पानं नामंजुरीचा कागद माझ्या टाइपरायटरवर ठेवला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, माज्या मावशीला डोळे आले म्हनं.”

मी वकील नव्हतो. अर्जनवीस होतो. म्हणजे तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा. पण लोक वकीलसाहेब म्हणत, आणि फुकटचा मान कोण सोडतो?

शिवप्पा आडतीत हमाली करायचा. त्याची मावशी नागव्वा, जळकोटच्या पुढं एका गावात एकटीच राहायची. जन्मापासून आंधळी. निराधारांच्या सरकारी मदतीसाठी त्यानं तिचा अर्ज केला होता. खाली शेरा होता : ‘अर्जदार अंध असल्याचे दिसून येत नाही.’

“डॉक्टरचं सर्टिफिकेट लावलं नव्हतं का?”

“लावलं हुतं की. त्याच्यावर जुन्या जिल्ह्याचा शिक्का हाय, चालत न्हाई म्हनले.”

लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. निम्म्या फायली इकडं, निम्म्या तिकडं. नवं सर्टिफिकेट आणावं, तर डोळ्यांचा डॉक्टर अजून हजर व्हायचा होता. माझं डोकंच फिरलं. जिल्हा बदलला म्हणून काय माणसाची नजर परत येते?

सर्टिफिकेट बाजूला पडलं की उरतो पंचनामा. जागेवर जायचं, चार साक्षीदारांसमोर जे दिसलं ते लिहायचं, सह्या घ्यायच्या. तलाठ्यानं केलेल्या पंचनाम्याची नक्कल मी काढली. त्यात होतं, ‘अर्जदार बाई तिन्हीसांजेला सात घरांची कुलुपे स्वतः उघडून आत दिवे लावताना पंचांसमक्ष दिसली. सोबत कोणी नव्हते.’

मी कागद खाली ठेवला. “शिवप्पा, हे खरं आहे?”

“खरं हाय. रोज लावती.”

“मग तू मला कशाला खोट्यात पाडतोस रे?”

“खोटं न्हाई साहेब. दुष्काळानं समदी गल्ली उठून गेली कामाला. बंद घरात सांजचा दिवा लागला पायजे, न्हाईतर घर पडीक होतंय. जाताना लोकांनी किल्ल्या तिच्याकडं दिल्या. म्हाताऱ्या मानसाशिवाय कोन राहिलंय गावात? आदी त्याच घरांतून तिला भाकर यायची. घरं बंद, भाकर बंद. माज्याकडं चल म्हनलं तर किल्ल्या सोडून येत न्हाई. ह्यो अर्ज गेला तर मावशी जाती बगा.”

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी अपील लिहीत नसे. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं गेलो.

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दोन्ही बाजूंनी कुलुपं. दारांपुढं महिनोन्‌महिने सडा पडलेला नव्हता, आणि त्या धुळीत एकाच माणसाच्या अनवाणी पावलांची वाट उमटलेली होती, या दारातून त्या दारात. नागव्वा त्या वाटेवरूनच चालत आली. काठी नाही, चाचपणं नाही. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. पहिल्याच कुलपाला तिनं नेमकी किल्ली लावली. म्हटलं, तलाठी खरं बोलतोय, आपण तोंडावर पडलो.

तरी मी चपला काढून तिच्यामागं आत गेलो. आत काळोख. कोंडलेल्या धान्याचा वास. दिवळीत पणती होती. नागव्वानं आधी काडी ओढली. मग डाव्या हाताचं बोट वातीवर ठेवलं आणि जळती काडी त्या बोटाला आणून भिडवली. चटका बसला की वात सापडली, असा तिचा हिशेब. वात पेटली. तिच्या बोटाचं टोक मला दिसलं. काळं पडलेलं, सरपणाच्या जळक्या काटकीसारखं.

मला गलबलून आलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

कारण नागव्वा रिकाम्या घराकडं तोंड करून म्हणाली, “लागला का गं?”

आणि थांबली. मान किंचित कलती. मग, “बरं,” म्हणाली आणि बाहेर आली.

प्रत्येक घरात तसंच. “लागला का?” थांबायचं. “बरं.” चौथ्या घरात तर ती हसली. मी शिवप्पाला हळूच विचारलं, “कुणाशी बोलते?”

“घरच्यांशी.”

“ते तर कामाला गेलेत ना?”

“हाव.”

सातव्या घरात तिनं विचारलं आणि आत वरच्या बाजूला काहीतरी कुरकुरलं. वाळलेलं लाकूड असणार. मी अजूनही तसंच म्हणतो. नागव्वा तिकडं तोंड करून म्हणाली, “न्हाई न्हाई, आपला शिवप्पा हाय. दुसरा कोन हाय ते त्यालाच इचारा.”

तसाच उलट्या पावली बाहेर आलो. चपला घालायचं राहूनच गेलं, शिवप्पानं त्या मागून आणून दिल्या.

अपील लातूरला वरच्या साहेबांपुढं निघालं. ऑफिस भाड्याच्या जागेत होतं, गठ्ठे अजून सुटलेले नव्हते. नागव्वाला शिवप्पानं किल्ल्यांसकट आणलं होतं. साहेब म्हणाले, “सात घरांत दिवे लावणारी बाई आंधळी कशी?”

मी म्हणालो, “साहेब, तिला इथं दिवा लावून बघू द्या.”

शिपायानं कोनाड्यातल्या देवापुढची पणती आणून टेबलावर ठेवली. नागव्वानं काडी ओढली, बोट वातीवर ठेवलं. साहेब खुर्चीतून उठलेच. “अहो, बोट! बोट भाजतंय तुमचं!”

तिचं लक्ष नव्हतं. वात पेटल्यावर तिनं नेहमीसारखं विचारलं, “लागला का?”

आम्ही पाच जण होतो खोलीत. ती मान कलती करून थांबली. मग शिवप्पाकडं वळून म्हणाली, “का रं, हितं कुनीच राहत न्हाई व्हय?”

“लागला, आजी,” साहेब कसेबसे म्हणाले. मंजुरीचा हुकूम त्यांनी तिथंच, स्वतःच्या हातानं लिहिला.

जाताना मी म्हणालो, “साहेब, तो पंचनामा तेवढा रद्द करा.”

“त्यात खोटं काय लिहिलंय?” साहेब म्हणाले.

पुढं तो तलाठी कचेरीसमोर भेटला. मी त्याला आडवा घेतला. “पंचनामा करताना कुठं उभे होता?”

“गल्लीच्या तोंडाला.”

“आत जाऊन बघायला काय झालं होतं?”

“तुमी गेलता न्हवं आत?”

“गेलो होतो.”

“परत जाताल?”

मी टाइपरायटरला कागद लावला. त्यानंतर कुणीही पंचनाम्याची नक्कल आणली की मी आधी एवढंच शोधायचो : पंच उभे कुठं होते? बाहेर उभे असतील तर बेधडक अपील करावं. बाहेर का उभे होते, ते मात्र विचारू नये.