निळ्या फुलांचा वाडगा

व्हिएतनामला जाताना सुनंदानं खोबऱ्याच्या वड्या बांधून घेतल्या. आम्ही चाललो होतो त्या मेकाँग नदीकाठी जिकडे तिकडे माडच आहेत, हे मी तिला मुंबईत, नायगावातच सांगितलं होतं. "त्यांच्या माडांना आपल्या वड्या लागतात का?" असं म्हणत माझ्या बायकोनं दोन डबे भरले. वर चिवडा. चिवड्यात माझाही स्वार्थ होता, म्हणून मी वाद घातला नाही.

सहलीची तिकिटं मुलीनं काढली होती. निघायच्या चार दिवस आधी निरोप आला, की आमच्या बीडीडी चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या घराची चावी सोमवारी सकाळी मिळेल, नवराबायको दोघांनी जातीनं हजर राहावं. आम्ही रविवारी रात्री परतणार होतो. मी हयातभर लालबागच्या छापखान्यात काम केलं, वेळेच्या बाबतीत मी पक्का आहे. बायकोच्या बाबतीत तेवढा नाही.

आम्ही उतरलो ते नदीतलं एक बेट होतं. घरमालकानं दोन सायकली दिल्या, पुढे टोपली असलेल्या. रस्ते म्हणजे कालव्याच्या कडेनं गेलेली सिमेंटची पट्टी, समोरून कोंबडी आली तरी उतरावं लागेल अशी. मी शेवटची सायकल चालवली ती हिंदमाता टॉकीजच्या मागच्या गल्लीत, तासाच्या भाड्यानं, लग्नाआधी. सुनंदा मात्र पन्नाशीत मैदानावर शिकली होती. त्यामुळे पंजाबी ड्रेसवर टोपी घालून ती पुढे, आणि प्रत्येक बिनकठड्याच्या पुलावर सायकल हातात धरून मी मागे. भातशेतं, बदकांचे थवे, अंगणात वाळत घातलेल्या करवंट्या. मला मालवणच्या आजोळी आल्यासारखं वाटलं. तिथेही मी असाच पडायचो.

शेवटच्या दिवशी, रविवारी, दुपारी एकच्या बोटीनं निघायचं होतं. ती चुकली तर बस चुकणार, बस चुकली तर विमान, आणि विमान चुकलं तर सोमवारची चावी. "फक्त एक चक्कर," सुनंदा म्हणाली. तासाभरावर एका घरासमोर माझी चेन पडली.

मी चेनशी झटत असताना शंकूसारखी टोपी घातलेली एक बा (आजी) बाहेर आली. तिनं थोडा वेळ गंमत पाहिली, मग एक काडी घेऊन चेन क्षणात चढवली आणि आम्हाला ओट्यावर बसवलं. चुलीवर बान्ह सेओ (तांदळाच्या पिठाचा, आत कोळंबी घातलेला पोळा) चालले होते.

"अहो, घावन!" सुनंदा ओरडली. "आपलंच आहे!"

आमचं पोटभर खाऊन झालं तरी आजीनं वाटेसाठी दोन बांधून दिले, निळ्या फुलांच्या, झाकणाच्या इनॅमलच्या वाडग्यात. पुढे कालव्याकाठी आम्ही ते संपवले. परतीची वाट आजीच्या दारावरूनच होती.

"वाडगा देऊ आणि सुटू," मी म्हणालो.

"रिकामा?" सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तो चोरायला निघालोय.

आमच्या चाळीत शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नसे. चिमूटभर साखर घाला, दोन मिरच्या घाला, पण घाला. तेव्हा सायकलच्या टोपलीतल्या आमच्या पिशवीतून वाडग्यात वड्या गेल्या. आजीनं एक तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि वाडगा घेऊन आत गेली. आली ती पपनसाच्या फोडी भरून.

सुनंदानं फोडी आमच्या डब्यात ओतल्या, वाडगा विसळला आणि माझा चिवडा त्यात रिता केला. आजी पुन्हा आत. या वेळी उकडलेली बदकाची अंडी.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की आजीकडेही तीच चाळ आहे. दोघी हसत होत्या, एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं. घड्याळात बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती, आणि आमची पिशवी संपली होती.

"सुनंदा, चावी!" मी ओरडलो. मोबाइलमध्ये बोलून मी आजीला तिच्या भाषेत वाक्य दाखवलं: एक वाजता आमची बोट आहे.

आजी आमच्याहून जास्त घाबरली. तिनं आमच्या सायकली तिच्या अरुंद होडीत आडव्या टाकल्या, आम्हाला त्यांच्यावर बसवलं आणि मोटर सुरू केली. वळणावळणाच्या रस्त्यानं तासाभराची वाट कालव्यातून वीस मिनिटांत संपली. धक्क्यावर बोटीचा दोर सुटत होता. आमच्या बॅगा घेऊन उभा असलेला घरमालक हातवारे करत होता. त्यानं आम्हाला अक्षरशः बोटीत ढकललं.

मध्ये दोन हात पाणी आलं तेव्हा सुनंदा किंचाळली, "अहो, वाडगा!"

तो तिच्या मांडीवर होता, अंड्यांसकट. आजीनं लांबून नुसता हात हलवला.

बसमध्ये अंडी खाताना सुनंदाचे डोळे भरून आले. "तिचं भांडं आपल्याकडे राहिलं हो."

"पोस्टानं पाठवू."

"काय घालून?"

मलाही वाईट वाटत होतं.

सोमवारी चावी मिळाली. आठवड्यानं आम्ही अठराव्या मजल्यावर राहायला गेलो. भिंती गुळगुळीत, नळाला पाणी, आणि बाहेर ओळीनं बंद दारं. सगळे आपल्याच चाळींतले, पण जुनी गॅलरी नव्हती, म्हणून कुणी दिसत नव्हतं. "कुणाचा आवाजच येत नाही," सुनंदा दुपारी म्हणाली. संध्याकाळी तिनं शिरा केला, निळ्या फुलांच्या वाडग्यात भरला आणि मला समोरच्या दारी पाठवलं.

बनियनमधल्या माझ्याच वयाच्या गृहस्थानं दार उघडलं.

"समोर आलो राहायला," मी म्हणालो. "एवढा रिकामा करून द्या, म्हणजे मी निघतो."

त्यानं वाडगा छातीशी धरला. "रिकामा कसा देऊ, राव? बसा!" आणि आत वळून म्हणाला, "अगं, कढई ठेव!"

मी बसलो. आत तेल तापल्याचा आवाज आला. पंधरा मिनिटांनी आमच्या दारातून सुनंदानं हाक मारली, "अहो, वाडगा दिला का त्यांनी?"

"नाही," मी ओरडलो. "अडकलोय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दार उघडंच ठेवून आत गेली.