काकाजींना दाखवलेलं विमान

माझे बाबा लढाऊ विमानांवर इंजिन फिटर होते. उडवणारे वेगळे, बाबा ते उडण्याजोगं ठेवणारे. इंजिन जमिनीवर चालवून तपासताना कानांवर जाड मफ लावावे लागत. बाबाही लावत, पण शेवटच्या मिनिटाला काढून टाकत. "पात्याचा आवाज जरासा बदलला तरी कानाले समजते," असं ते सांगायचे. "मफ लावून काय समजन? वर जाणारा पोरगा कोणाचा तरी असते ना." अशी अठरा वर्षं काढून ते आमच्या गावी, रोहण्याला परत आले, तेव्हा त्यांना शेजारी बसलेल्या माणसाचंही नीट ऐकू येत नव्हतं.

गावात कोणी त्यांना विमानाबद्दल विचारलं नाही. बहिरेपणावर मात्र सगळ्यांचा हक्क. त्यातही पुढे होते माझे काकाजी, बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. वर्ध्याला कचेरीत कारकून, बोलण्यात पटाईत, कुठल्याही पंगतीत लोक त्यांच्याभोवती जमायचे.

माझ्या लग्नाच्या पंगतीत ते सासरच्या माणसांना म्हणाले, "थांबा, तुमाले गंमत दाखवतो." समोरून बाबा जिलेबीचं ताट घेऊन येत होते. काकाजींनी त्यांना थांबवलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. काय बोलणार ते त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: भाऊ, तू गाढव आहेस ना? बाबांनी हसून मान हलवली. "हो, हो. घ्या ना, अजून घ्या."

पंगत खदखदून हसली. लोक हसताहेत म्हणून बाबाही हसले. दोन तासांपूर्वी ज्याच्या गळ्यात मी हार घातला होता, तोही हसला. नवऱ्याने पुढे माझी माफी मागितली, ती मी दिली. काकाजींनी कधी मागितली नाही.

निघताना बाबांनी मला विचारलं, "काय म्हणत होता गं तो?"

"लग्न छान झालं म्हणत होते," मी सांगितलं.

ही थाप मला तीस वर्षं टोचत राहिली. बाबा गेले, तरी टोचतच राहिली. माझ्या तोंडून ती वदवून घेणाऱ्याला मी सोडणार नव्हते, फक्त कसं ते सुचत नव्हतं.

मग नागपूरला विमानांच्या कसरती होणार असल्याचं कळलं. त्यात बाबा ज्याचं इंजिन सांभाळत ते जुनं मिग विमानही उडणार होतं, आता सेवेतून जायच्या बेतात असलेलं. मी पिपरी मेघेच्या माझ्या घरून काकाजींच्या मुलाला फोन केला. म्हटलं, सगळे मिळून जाऊ, काकाजींनाही घ्या. काकाजी ऐंशी पार केलेले, दोन्ही कानांत ऐकायचं मशीन. पुतणीने आठवण ठेवली म्हणून ते नवा शर्ट घालून गाडीत बसले.

मैदानावर मी पर्समधून कापूस काढला. सगळ्यांना दोन-दोन बोळे करून दिले. चुलतभावाला, वहिनीला, त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला. काकाजींना दिले नाहीत. हे मी विसरले नव्हते, मुद्दाम केलं होतं.

मिग दूरवरून बारीक दिसलं. डोक्यावरून गेलं तेव्हा क्षणभर काहीच नाही, आणि मग मागून आवाज आला. छातीच्या फासळ्या हलल्या. वाऱ्यावर जळक्या रॉकेलसारखा वास आला आणि मला लहानपणीच्या सरकारी क्वार्टरचं दार दिसलं, संध्याकाळी दारात तसाच वास घेऊन उभे असलेले बाबा दिसले. माझे डोळे भरले. शेजारी काकाजी किंचाळले. त्यांनी दोन्ही मशीन ओढून काढली आणि मुठीत धरून खाली वाकले.

"आबाजी!" नात धावली.

"काही नाई होत त्याईले," मी म्हटलं. "माझे बाबा याच्या मागं उभे राहत. रोज. कान उघडे ठेवून." आणि मग तिथेच, विमान वळून परत येईपर्यंत, मी त्या तिघांना कानातला कापूस काढायला लावून लग्नातली पंगत सांगितली. एकही शब्द गाळला नाही.

सगळे काकाजींकडे बघू लागले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. मी विमानाबद्दल काही सांगते आहे असं त्यांना वाटलं असावं. ते ओशाळं हसले आणि मान हलवली. "हो, हो."

ते अशी मान हलवतील हे काही मी योजलेलं नव्हतं. पण मला जे सुख झालं ते मी नाकारणार नाही. इतकं गोड मला फार दिवसांत काही लागलं नव्हतं.

नातीने मशीन परत त्यांच्या कानात बसवली. "आबाजी, तुमी मोठ्या आजोबाले भरल्या पंगतीत गाढव म्हटलं होतं?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. "गंमत होती ते, पोरी."

"मंग काऊन हसून नाई राह्यले आता?" तिने विचारलं. ती उठून आईच्या पलीकडे जाऊन बसली. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

पंधरा दिवसांनी काकाजी एकटेच ऑटो करून माझ्या घरी आले. चहा झाला.

"नात बोलत नाई मायाशी," ते म्हणाले. "चुकलं माह्यं. माफ कर मले."

"नात बोलत नाई म्हणून आले का?"

त्यांनी रिकामा कप बशीत फिरवला. त्यांच्या हातांची ठेवण थेट बाबांसारखी होती. मला ती दिसायला नको होती.

"माफी बाबाची होती, काकाजी," मी म्हटलं. "ते माफी मायाजवळ नाई."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं, ऑटोत बसवलं, त्यांचं धोतर चाकात जाऊ नये म्हणून आत सारलं. नातीला फोन करून मी तिची समजूत घालेन, असं त्यांना वाटत असेल. मी अजून फोन केलेला नाही.