अकरा भांड्यांवरचा 'न'

ते प्रकरण मी विसरलेली नाही आणि विसरायची इच्छाही नाही. पोलीस आठवणी लिहितात ते बहुधा साठी उलटल्यावर, हातात चहाचा कप घेऊन. मी आठ वर्षं उपनिरीक्षक म्हणून काढली आणि राजीनामा दिला. आता घटस्फोट घेणाऱ्या बायकांबरोबर त्यांचं सामान आणायला जाते. हे काम मी का धरलं, त्याचं उत्तर या प्रकरणात आहे.

पुण्यात कसबा पेठेतलं घर. नवरा-बायको संमतीने वेगळे होत होते. ती शाळेत शिक्षिका, माहेर विदर्भातलं. कोर्टात ठरलं होतं की ठरल्या दिवशी, पोलिसांसमोर, तिने आपलं सामान न्यावं. ज्यावर वाद होईल ते पंचनाम्यात नोंदवून तिथेच ठेवायचं. मी, एक महिला शिपाई आणि दोन पंच सकाळी दहाला पोचलो.

तिने फ्रीज सोडला, कपाट सोडलं, पलंगाकडे तर पाहिलंही नाही. तिला हवी होती फक्त अकरा पितळी भांडी, लग्नात आईने दिलेली. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती.

प्रत्येक भांड्यावर कोरलेलं होतं: 'सौ. अमुक हिस आईकडून.' हे अमुक म्हणजे तिचं सासरचं नाव. लग्नात नाव बदलायची आपल्याकडे अजून हौस आहे, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं आणि जुनं नाव विसरायचं. तिची कागदपत्रं, नोकरी, कोर्टातला अर्ज, सगळं माहेरच्या नावाने. भांडी मात्र सासरच्या नावाने.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "अहो मॅडम, नाव आम्ही दिलेलं. बाईसाहेब निघाल्या तर नाव इथेच राहणार ना? पुढची येईल तिलाही हेच ठेवू. भांडी तयारच आहेत."

"आणि 'आईकडून' लिहिलंय त्याचं काय?" मी विचारलं.

"आई म्हणजे मी. आठ वर्षं ती मला आईच म्हणत होती. विचारा की तिला!"

मी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. मान खाली. मला तिचा रागच आला. बोल ना बाई, मनात म्हटलं. अकरा नग वादग्रस्त म्हणून नोंदवले, मजकूर उतरवून घेतला, सह्या झाल्या. ती रिकाम्या टेम्पोत बसून गेली.

आठवड्याने भांड्यांवर नावं घालणाऱ्या त्याच गल्लीतल्या कारागिराचा चौकीत फोन आला. "मॅडम, तुम्ही त्या घरी यादी करायला आला होतात ना? मला कुणाची तक्रार नाही करायची. पण परवा त्या घरच्या आजी अकरा भांडी घेऊन आल्या माझ्याकडे. नावातला 'न' घासून तिथे 'ण' घालायला लावला. आजच्या आज पाहिजे म्हणाल्या. पोटात राहीना, म्हणून सांगतोय."

पंच घेऊन पुन्हा गेलो. प्रत्येक भांड्यावर बोटभर जागा लख्ख, बाकी पितळ काळपट. भांडी ताब्यात घेतली, मायलेकांना चौकीत बोलावलं. तिलाही बोलावून विचारलं, हा काय प्रकार आहे?

तेव्हा ती बोलली. तिची आई चौथी शिकलेली. भांड्यांवर घालायचा मजकूर तिने स्वतः चिठ्ठीवर लिहून पाठवला आणि तिकडच्या कारागिराने तसाच्या तसा कोरला. नावात 'ण' होता, आईने 'न' लिहिला, कारण ती बोलायचीच तसं. "सासूबाई पाहुण्यांसमोर वाचून दाखवायच्या, मॅडम. सगळे हसायचे. त्या दिवशी पंचांसमोर आईची ती चूक माझ्या तोंडून निघेना."

नवरा तयारीत आला होता, पंचनाम्याची नक्कल वाचून. "तुमचा पंचनामा काढा," म्हणाला. "त्यात काय लिहिलंय? 'ण'! खाली तुमचीच सही आहे. मग बदललं कुठे आम्ही?"

मी पंचनामा काढला. 'ण' होता. माझंच अक्षर. भांड्यावर 'न' होता आणि कागदावर मी 'ण' लिहिला होता. वर्गात चूक दिसली की सुधारतात, तशी माझ्या हाताने ती आपोआप सुधारली होती. फोटोसुद्धा काढले नव्हते.

आता कागद माझ्या विरोधात होता. राहिली होती फक्त सासूबाईंची जीभ. मी आवाज खाली आणला. "आजी, म्हणजे भांडी तुम्हीच घेतलीत, मजकूर तुम्हीच लिहून दिलात?"

"हो. किती वेळा सांगू?"

"मग कारागीर म्हणतो तो आधीचा 'न' तुमचाच. होतं असं. सगळ्यांनाच कुठे शुद्ध लिहिता येतं?"

त्या खुर्चीत ताठ झाल्या. "मी? मी 'न' लिहीन? अहो, तिच्या आईचं ते! पाणीसुद्धा धड म्हणता येत नव्हतं त्या बाईला, 'पानी, पानी' करायची!"

"आई!" मुलगा ओरडला. उशीर झाला होता. महिला शिपायाने जबाबात वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मी तिला दोनदा बजावलं होतं, जसंच्या तसं.

गुन्हा नोंदवायचा का, मी त्या शिक्षिकेला विचारलं. ती नको म्हणाली. रीतसर पावती करून भांडी तिच्या ताब्यात दिली. एक डबा उचलून ती लख्ख जागेवरून अंगठा फिरवत राहिली. "मॅडम, आईने मला कधी पत्र नाही लिहिलं. तिचं अक्षर फक्त यावर होतं."

भांडी मी स्वतः तिच्या रिक्षात नेऊन ठेवली.

लेकीच्या भांड्यावर लेकीचंच नाव घाला, जन्माचं. तांदळात लिहिलेलं नाव देणारेच परत मागतात आणि त्याबरोबर तुमचं पितळही ठेवून घेतात. हे मी बायकांच्या सभांत सांगते, टाळ्या मिळतात. पोलिसांना सांगते की जे दिसतं तेच लिहा, तुम्हाला बरोबर वाटतं ते नाही. तिथे टाळ्या मिळत नाहीत. एक गोष्ट मात्र कुठेच सांगत नाही, ती इथे लिहिते. त्या घराने तिच्या आईचं अक्षर घासलं ते आठवड्याने. मी ते पहिल्याच दिवशी पुसलं होतं, चांगल्या अक्षरात, सहीनिशी.