कुलूप तसंच आहे

गल्लीत तिला सगळे कुलूपताई म्हणत. आजोबांनी बांधलेल्या घराच्या तळमजल्यावर कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. आधी आजोबांचं, मग वडिलांचं, मग तिचं. माडीवर कधीकाळी शिकवण्या चालल्या, पुढे छापखाना धडधडला, आणि शेवटी वाटण्या झाल्या. मोठी खोली धाकट्या भावाच्या वाट्याला आली. त्यानं दाराला कुलूप ठोकलं आणि तो नव्या वस्तीत राहायला गेला. घराला उतरती कळा लागली ती त्या दिवसापासून.

बंद खोलीवरची कौलं फुटली. पाणी मुरून दुकानातली तुळई काळी पडली. फोन केला की भाऊ म्हणे, "येतो गं ताई, सवड झाली की." कसली सवड होतेय! तुळई कुजली की घर धोकादायक ठरणार आणि जागा बिल्डरच्या घशात जाणार, एवढं न कळायला ताई काही दूधखुळी नव्हती.

ते कुलूप उघडणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. पण मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, हा वडिलांचा दंडक. तो तिनं जन्मभर पाळला होता, आणि या लबाडासाठी ती तो मोडणार नव्हती. ती बराच वेळ दारासमोर धुमसत उभी राहिली. मग स्क्रूड्रायव्हर आणायला खाली गेली.

महिन्याभरानं भाऊ इंजिनिअरला घेऊन आला, कुजकी तुळई दाखवायला. इंजिनिअर म्हणाला, वरूनही बघू. वर खोली सताड उघडी, खिडक्यांतून वारा वाहतोय, नवी कौलं बसलेली.

"लाकूड वाळतंय," इंजिनिअर म्हणाला. "पाडण्यासारखं काही नाही."

भावाचा पारा चढला. "ताई, तू माझं कुलूप तोडलंस!"

"डोळे उघडून बघ."

भिंतीला दाराच्या दोन्ही फळ्या टेकवलेल्या होत्या. मधे कडी, कडीला कुलूप, जसंच्या तसं. बिजागऱ्या तेवढ्या सुट्या.

"कुलपाला बोट लावलेलं नाही. दार उतरवलंय. दार काय तुझ्या एकट्याच्या बापाचं आहे? घाल किल्ली, बघ उघडून."

भाऊ खिसे चाचपत राहिला. किल्ली त्यानं केव्हाच हरवली होती.

"करून देते," ताई म्हणाली. "आता मालक समोर आहे. पण दार बसवणार नाही."