मुजावरांनी रेकॉर्ड केलेली शांतता

गेल्या उन्हाळ्यातला एक मंगळवार, सकाळची वेळ. घरात आम्ही चौघं — आई, माझी बायको शैला, मी आणि रेडिओवर मुलाखती घेणारे मुजावर. पाचवं कुणी नव्हतं. आईला मुलाखतीचं मानधन मिळणार होतं पंधराशे रुपये. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही पहिल्यांदा हेच विचाराल. मी पतसंस्थेत हिशेब बघतो. भास, भुताटकी, अंगात येणं... यातलं मला काही पटत नाही. आजही पटत नाही. तरी हे आमच्या घरात घडलंय.

आम्ही तेर गावचे. गावाजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गाडलेल्या वस्तीच्या टेकाडावर पूर्वी सरकारी खोदकाम झालं. आई तेव्हा लग्नाआधीची, तिथं मातीच्या पाट्या वाहायची. वडील त्याच कामावर मुकादम होते. मुजावरांना त्या दिवसांवर आईची मुलाखत हवी होती.

वडील जाऊन चार वर्षं झाली. त्याआधी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. नंतर ते टाळी वाजवून बोलवायचे. त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आमच्याकडे नाही. माझ्या लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा नुसता बँड. आई अधूनमधून विचारायची, "तुझ्या बापाचा आवाज कसा व्हता रं? माझ्या ध्यानातनं चाललाय." मी नक्कल करून दाखवायचो. ती मान हलवायची — असा न्हाय.

रेकॉर्डिंगमध्ये घरघर नको म्हणून मुजावरांनी आल्याबरोबर पंखा बंद करायला लावला, मग फ्रिज. आणि स्वतःच्या मोटारसायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली!

"फ्रिज परत चालू करायचं राहून जातं हो," ते म्हणाले. "एका घरचं सगळं दूध नासलं माझ्यामुळं. आता किल्ली आत असली की विसरून जाताच येत नाही."

"व्हय, आन् बाहेर ठिवली तर किल्ली बी नासंल," आई म्हणाली. मुजावर एवढे हसले की माईक परत लावावा लागला.

मुलाखत चांगली झाली. मुजावरांनी विचारलं, "काही सापडलं की काय करायचे?"

"खाली काय तरी लागलंय असं दिसलं की मुकादम हाक द्यायचे. हाक आली की समद्यांचे हात जिथल्या तिथं. टिकाव वर असंल तर वरच. एक घाव चुकला तर जुनं खापर फुटायचं ना."

"काय हाक द्यायचे? म्हणून दाखवा की."

आई लाजली. "न्हाय साहेब. ती हाक त्यांचीच. माझ्या तोंडून न्हाय निघायची."

ती हाक काय होती हे मलाही माहीत नव्हतं. घरात कधी तो विषय निघालाच नव्हता.

शेवटी मुजावर म्हणाले, "आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही. खोलीची शांतता घ्यायचीय. मुलाखत कुठं कापली तर तिथं ही जोडावी लागते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते." आम्ही गप्प बसलो. आई पदर सारखा करायला हात वर नेत होती... तो मध्येच थांबला. कानाजवळ. मिनिट संपेपर्यंत तसाच. मला वाटलं, साहेबांचं बोलणं जरा जास्तच मनावर घेतलं हिनं. मुजावरांनी फ्रिज चालू केला, गार किल्ली घेतली आणि गेले.

गुरुवारी त्यांचा फोन. "त्या शांततेत कोण बोललं?"

"कुणीच नाही. तुम्ही होताच की."

"पुरुषाचा आवाज आहे. माईकच्या अगदी जवळून. 'हात राखा रं' म्हणतोय. म्हणजे काय हो?"

आई शेजारी मेथी निवडत होती. मी तिला विचारलं, हात राखा म्हणजे काय गं? तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"तुला कुणी सांगितलं? ती मुकादमाची हाक हाय." मग म्हणाली, "म्या ऐकली व्हती की. म्हणून तर हात थांबला. तुमाला न्हाय आली?"

मी माझ्या पद्धतीनं सगळं तपासलं. शेजारचं घर त्या दिवशी कुलूपबंद होतं. फोन आमचे सगळ्यांचे बंद होते. रेकॉर्डरमधलं कार्ड कोरं होतं. मुजावरांनीच चेष्टा केली म्हणावं, तर आईनं न सांगितलेली हाक त्यांना कळणार कशी?

रविवारी ते स्वतः रेकॉर्डर घेऊन आले. हेडफोन आधी मी लावला. थोडा वेळ नुसती खोली... आणि मग ते तीन शब्द. आवाज ऑपरेशनच्या आधीचा, किंचित घोगरा, 'रं' लांबवणारा. मी हेडफोन काढून शैलाकडे दिला. तिनं ऐकलं आणि आईच्या कानाला लावला.

आईनं तो बराच वेळ काढला नाही. परत लाव, परत लाव, एवढंच बोटानं सांगत राहिली. मग म्हणाली, "हाच. आता न्हाय जायचा ध्यानातनं."

मुलाखत रेडिओवर लागली, ते मिनिट वगळून. मुजावरांनी ते दोन तंत्रज्ञांना ऐकवलं. आवाज आहे, हे दोघांनाही मान्य. कुठून आला, हे कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

मानधन आईच्या खात्यात जमा झालं तशी ती म्हणाली, "खोदताना काय घावलं की बक्षीस मिळायचं. निम्मं ज्याला घावलं त्याचं, निम्मं हाक देणाऱ्याचं. तुझा बाप त्याचे गूळ-फुटाणे आणून समद्यांत वाटायचा. आता तुझ्या बापाचं निम्मं काढ."

"आई, मानधन एकट्या तुझ्या नावावर आलंय."

"आन् बोललं कोण कोण?"

साडेसातशे रुपये आईच्या खात्यात ठेवले. साडेसातशेचे गूळ-फुटाणे आणले आणि गल्लीत वाटले. एक पुडी मुजावरांना पाठवली. फुटाणे घेताना दुकानदारानं बिलावर कुणाचं नाव घालू म्हणून विचारलं होतं.

मी वडिलांचं सांगितलं.