पितळी शिट्टी आणि रबरी भोंपू

मिलमधून फोन आला तेव्हा मी गच्चीवर बायकोच्या वड्या उलटत होतो. करोनाच्या टाळेबंदीत घरी बसून माझ्या हातांना तेवढंच काम उरलं होतं. "परमिशन मिल गई. सोमवार को भट्टी जलाएँगे, पहली पाली में आ जाओ," मॅनेजर म्हणाला. मी नुसतं "हव, हव" म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर पाण्याच्या टाकीवर अशी थाप मारली की खालून बायको ओरडली, "का झालं जी? पडले का?"

पडलो नव्हतो, मला नाचावंसं वाटत होतं. रायपूरजवळ उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये मी फोरमन. आमच्याकडे लोखंडाचे ओंडके भट्टीत लाल करतात आणि रोलांमधून दाबत दाबत त्यांच्या सळया काढतात. छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, जिकडेतिकडे बांधकामं निघाली, त्याच सुमाराला ही मिल उभी राहिली आणि मी पहिल्या भट्टीपासून तिथे आहे. नव्या राजधानीतली कुठलीही मोठी इमारत दिसली की मी म्हणतोच, "यात आपली सळई आहे." मुलगी म्हणते, "पापा, हर बिल्डिंग में कैसे होगी?" नसेलही. पण मी कशाला कमी सांगू?

असा माणूस घरात कोंडला गेला होता. मला शांतता सोसत नाही. मिक्सर लागला तरी मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहायचो. मुलगी हसायची, पण मला तो आवाज खरोखर बरा वाटायचा.

तर फोन आला, थाप मारली, आणि मग माझी नजर परत वड्यांवर गेली. वड्या पांढऱ्या होत्या. उरल्याच्या आणि शेजारच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या चालू असल्या की आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, गच्च्यांवर काळी भुकटी बसते. वड्या, पापड, धुणं, सगळं झाकून वाळवायचं. त्या उन्हाळ्यात कारखाने बंद, म्हणून वड्या उघड्यावर वाळल्या, आणि बायकोही मोकळा श्वास घेत होती. तिला दमा आहे. लग्न झाल्यापासून मी तिची छाती ऐकत आलो आहे, मोटरचं बेअरिंग ऐकावं तशी. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्यात घरघर नव्हती. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की हा नवा आजार छातीवरच बसतो, यांना जपा. म्हणजे ज्या मिलसाठी मी टाकी बडवत होतो, तिथूनच मी घरी काय घेऊन येईन याचा नेम नव्हता.

खाली येऊन सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग जा ना. घरी बसून मलेच फोरमनकी दाखवून राहिले तुम्ही. काल कुकरची शिट्टी मोजून राहिले होते."

"अगं पण तुझं काय?"

"माझं का? मले का भट्टीत टाकून राहिले?" मग माझ्याकडे नीट बघून हसली. "सोमवारले दोन दिवस आहेत अन् आतापासून बूट पुसून राहिले. उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग!"

बूट खरंच माझ्या हातात होते. कधी घेतले ते कळलंही नव्हतं. पण त्या दिवशी जेवण अर्धंच राहिलं.  मला कामावर जायचं होतं आणि मला बायको हवी होती, आणि यात कुणी निवड करायला लावली तर काय, या विचाराने मी ताटावरून उठलो.

तिने मात्र घरातली मिल लगेच सुरू केली. जुन्या सुती साडीचे मास्क शिवले, दोन-दोन पदरी. मग माझी तालीम घेतली. गल्लीच्या तोंडाशी आलो की हॉर्न वाजवायचा. ती अंगणाच्या दाराची कडी काढून गरम पाण्याची बादली ठेवील आणि मुलीला घेऊन आतल्या खोलीत जाईल. मी अंगणातच कपडे साबणाच्या पाण्यात टाकायचे, आंघोळ करायची आणि पुढच्या खोलीत राहायचं. जेवणाचं ताट स्टुलावर येईल. रविवारी संध्याकाळी ही सगळी तालीम आम्ही दोनदा केली. दुसऱ्यांदा मी चपला घालून आत आलो, तर मुलगी किंचाळली, "पापा, चप्पल बाहर! आप तो फेल!" आम्ही तिघं इतके हसलो की शेजारच्यांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं.

सोमवारी सकाळी निघालो. माझ्या स्कूटरचा मूळचा हॉर्न केव्हाच गेला आहे. त्याच्या जागी मी भनपुरीच्या एका दुकानातून ट्रकवाल्यांचा रबरी भोंपू आणून बसवला होता. दाबला की रस्त्यावरची गाय उठून बसते. मुलगी त्याच्यापायी माझ्या मागे बसायला लाजते. त्या सकाळी रस्ता रिकामा, ट्रक कडेला रांगेने झोपलेले, समोर चिटपाखरू नाही, तरी मी भनपुरीपासून उरल्यापर्यंत भोंपू वाजवत गेलो. मास्कच्या आत मी गातही होतो. घाबरलेला माणूस गातो म्हणतात. असेल, पण मला मजा येत होती हेही तितकंच खरं.

आता शिट्टीचं सांगायला हवं. मिल चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. लाल सळई रोलांमधून धावत असते, आणि एखादी वाट सोडून उसळली तर शेवयांसारखी वेटोळी होत माणसांच्या अंगावर येते. म्हणून एकजण सगळी लाइन दिसेल अशा जागी शिट्टी घेऊन उभा असतो. दोन लहान म्हणजे सगळं ठीक, चालवा. एक लांब म्हणजे थांबवा. आणि दोन लहान ऐकल्या की समोरून हात वर करून जबाब द्यायचाच, त्याशिवाय कुणी काही सुरू करत नाही. आमची शिट्टी पितळेची, पहिल्या भट्टीपासूनची, मिलमध्ये एकच. विश्वकर्मा पूजेला तिला कुंकू लागतं. पाळी बदलली की जाणारा फोरमन ती गळ्यातून काढून येणाऱ्याला देतो. येणारा बाहीला पुसतो आणि लगेच तोंडाला लावून दोन लहान वाजवतो. जिसके पास सीटी, उसकी लाइन. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी भांडलो, महिनामहिना बोललो नाही, पण शिट्टी या तोंडातून त्या तोंडात जायची ती गेलीच.

बंदच्या दिवशी शेवटची पाळी माझ्या जोडीदाराची होती. जोडीदार म्हणजे दुसऱ्या पाळीचा फोरमन, छत्तीसगढी माणूस, माझ्याहून लहान, मला भैया म्हणतो. त्यामुळे एवढे दिवस शिट्टी त्याच्याकडे होती. मी पोचलो तेव्हा गेटवर ताप तपासला, हातावर सॅनिटायझर ओतलं, जमिनीवर चुन्याचे गोल काढले होते त्यात उभं केलं. मी सगळं तालमीप्रमाणे केलं. कुणाच्या हातात हात दिला नाही, कुणाचा चहा घेतला नाही. मनात म्हटलं, बायकोने बघायला हवं होतं. मग भट्टीसमोर नारळ फुटला, जोडीदाराने छाती फुगवून गळ्यातली शिट्टी काढली आणि हात लांब करून म्हणाला, "सम्हालो भैया, आपकी लाइन."

मी घेतली, बाहीला पुसली, तोंडाला लावली आणि जीव खाऊन फुंकली.

फुस्स. शिट्टी आणि माझं तोंड यांच्यामध्ये बायकोच्या साडीचे दोन पदर होते. क्षणभर कुणाला काही कळेना आणि मग सगळी मिल हसत सुटली. जोडीदार पोट धरून हसत होता, आणि हसता हसता एकदम दोन पावलं मागे सरला. "अरे बाप रे भैया, मैंने भी बिना सोचे दे दी." माझ्याही अंगावर काटा आला. तालीम केली ती साबणाची, आणि हात गेला सवयीवर. मास्क नसता तर दुसऱ्याची थुंकी मी तोंडात घेऊन हसत हसत घरी गेलो असतो, दम्याच्या बाईकडे. शिट्टी खिळ्याला अडकवली. भट्टी त्या दिवशी नुसत्या हातवाऱ्यांवर पेटवली. पण दुसऱ्या दिवशी सळई काढायची होती, आणि सळई चिमट्यात धरणाऱ्या चिमटेवाल्यांची नजर तेव्हा लाल लोखंडावर असते, माझ्या हाताकडे नाही. मास्क काढून शिट्टी फुंकावी तर बायको डोळ्यांपुढे येई. न फुंकावी तर माझ्या माणसांच्या अंगावर सळई.

घरी आलो. गल्लीत भोंपू, कडी, बादली, आंघोळ, सगळं यथासांग झालं. पुढच्या खोलीतून मी बंद दाराला हा सगळा किस्सा सांगितला. आतून आधी दोघींचं हसू ऐकू आलं. बायकोला जास्त हसलं की धाप लागते, म्हणून मी थांबलो. धाप लागली नाही. मग ती म्हणाली, "काहून एवढे परेशान होऊन राहिले जी? फुंकाची वस्तू नको, तं दाबाची न्या. तुमच्या स्कूटरले काय लावून ठेवलं आहे?"

मी उडालोच. "भोंपू!"

"हाव ना. अख्खा पारा उठवता त्यानं. मिल नाही उठणार?"

"मम्मी, थैंक यू," मुलगी म्हणाली, "अब वो स्कूटर से तो हटेगा."

मंगळवारी मी जागेवर उभा राहिलो तो भोंपू हातात घेऊन. भट्टीचं दार उघडलं, आतून नारिंगी झळ तोंडावर आली. किती दिवसांनी! रोल फिरू लागले, पायाखालची जमीन थरथरली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी भोंपू दोनदा दाबला. पों, पों. लाइनवरचे सगळे हात वर गेले. हसून सगळ्यांचे खांदे हलत होते, तरी हात वर होते. पहिला ओंडका रोलांत शिरला आणि पलीकडून सळई होऊन लालभडक सुटली. मी एकटाच ओरडत होतो, ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

पाळी संपल्यावर जोडीदाराने भोंपू पुसून घेतला आणि खिळ्यावरची शिट्टी कागदात बांधून माझ्यापुढे धरली. "भाभी ने भोंपू दिया है, तो सीटी भाभी के पास जमा." मी ती घरी आणली, उकळत्या पाण्यातून काढली आणि ताटाबरोबर स्टुलावर ठेवली. बायकोने देवाजवळ ठेवली. वाजवून बघ म्हणालो नाही. मुलीच्या वाढदिवसाचे फुगेसुद्धा आमच्या घरी मीच फुगवायचो. एका फुग्यात तिचा दम जाई.

भोंपू मिलमध्ये गेला म्हणून माझ्यासाठी मी दुसरा आणला, आणि मुलीने कपाळावर हात मारला.

मिल चालली तशी आजूबाजूच्या चिमण्याही पेटल्या आणि गच्चीवर काळी भुकटी परत आली. वड्यांवर कापड पडलं. काही दिवसांनी बायको खोकू लागली. "धुळीचं आहे जी, नेहमीचंच," ती आतून म्हणाली. नेहमीचा खोकला मी झोपेतही ओळखतो, पण मध्ये दार असलं की काहीच ओळखता येत नाही. मी दाराशी बसून म्हणालो, "उद्यापासून जात नाही मी."

"गेले नाही तं पुढच्या खोलीतबी घेणार नाही," ती म्हणाली आणि परत खोकली.

दुसऱ्या दिवशी गेलो, पण लाइनवर सगळा वेळ मला तो खोकलाच ऐकू येत होता. दुपारी गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंपू दाबला. कडी वाजली नाही. थांबलो. परत दाबला. अंगणाचं दार बंदच.  बायकोला दवाखान्यात कोण घेऊन जाईल, रिक्षा मिळेल का, तिचा दम्याचा पंप संपला असेल का, हे सगळं एकदम डोक्यात आलं. हे मीच घरात आणलं असं वाटून मी स्कूटर तशीच आडवी टाकली आणि दाराकडे धावलो.

तेवढ्यात आतून शिट्टी वाजली. लहान. मग आणखी एक लहान, आधीपेक्षा जोरात. त्या पितळेला किती दम लागतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार!

पाठोपाठ आतून मुलगी ओरडली, "पापा, सुना? मम्मी ने बजाई! सुबह से प्रैक्टिस कर रही थी!" आणि मग कडी निघाली.

मी अंगणाबाहेर उभा राहून रडत होतो आणि हसतही होतो. पण नियम म्हणजे नियम. दोन लहान ऐकल्या की जबाब द्यायचाच. कडी निघाली तरी दार लोटलेलंच होतं, ती मला बघू शकत नव्हती, तरी मी हात वर केला.